वावर कोणाच्या नावावर?

पोटगी मागायला किंवा नवरा गेल्यावर वारसहक्काचं विचारायला आलेल्या बाईला मी पहिला प्रश्न मारहाणीचा किंवा भांडणाचा विचारत नाही. ते ती सांगतेच, आणि ते पूर्ण ऐकून घ्यावंच लागतं. माझा पहिला प्रश्न असतो, वावर कोणाच्या नावावर आहे? अमरावती आणि अकोल्याच्या न्यायालयांत कौटुंबिक प्रकरणं चालवताना आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरून गावोगावच्या शिबिरांत बसताना मी हेच पाहत आले आहे की, पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं. उत्तर बहुतेकदा एकच असतं. "वावर त सासऱ्याच्या नावावर हाये म्याडम. याच्या नावावर काईच नाई."

वऱ्हाडातला संसार वावरावर चालतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटच्या खारपाणपट्ट्यात जमीन काळी कसदार, पण विहिरीचं पाणी खारं, म्हणून सगळी भिस्त पावसावर. वरुड-मोर्शीकडे संत्रा. बार्शीटाकळी, पातूरकडे बरड जमीन आणि सोयाबीन-तूर. या सगळ्या वावरांतलं निंदण, वेचणी, सोंगणी बाईच्या हातची. कापसाची ओटी कमरेला बांधून दिवसभर वेचणारी तीच. संसार सुरळीत चालतो तोवर सातबाऱ्यावर तिचं नाव नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. नवऱ्याने टाकलं, घटस्फोट झाला किंवा नवरा वारला की, एवढी वर्षं ज्या मातीत राबली ती कागदोपत्री आपली कोणीच नाही, हे तिला पहिल्यांदा कळतं. कधी कोर्टाच्या ओट्यावर, कधी तलाठ्याच्या टेबलापुढे.

पोटगीचं कलम १२५ खेड्यापाड्यांतल्या बायकांनाही तोंडपाठ आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १२५ चं कलम १४४ झालं. गाभा तोच राहिला. स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या पत्नीला, मुलांना, आईवडिलांना पुरेसं साधन असलेल्या माणसाने पोसावं, एवढा त्याचा अर्थ. घटस्फोटितेलाही, तिने पुन्हा लग्न करेपर्यंत, हा हक्क आहे. एकेकाळी या कलमाखाली महिन्याला पाचशे रुपयांच्या वर पोटगी देता येत नव्हती. ती मर्यादा २००१ मध्ये गेली. कायदा चांगला आहे. अडतं ते 'पुरेसं साधन' या दोन शब्दांशी.

नोकरदाराची पगारपत्रिका असते. एस.टी.च्या कंडक्टरचा, शिक्षकाचा पगार लपत नाही, आणि न्यायालय तो थेट कापून द्यायला सांगू शकतं. शेतकऱ्याच्या घरात तसं काही नसतं. नवरा लेखी जबाब देतो की शेती वडिलांची आहे, मी त्यांच्या वावरात मजुरी करतो, काम मिळेल तेव्हा दोन-तीनशे रुपये रोज पडतो. सातबारा काढला तर त्याचं म्हणणं खरंच निघतं. बारा एकर वडिलांच्या नावे. ट्रॅक्टर भावाच्या नावे. मोटारसायकलचं कर्ज मात्र याच्या नावे, आणि ते जबाबात ठळक लिहिलेलं. धडधाकट माणसाला उत्पन्न नाही म्हणून हात वर करता येत नाहीत, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे, त्यामुळे आदेश होतो. पण रकमेचा आकडा मजुरीच्या हिशेबाने ठरतो. दोन हजार, तीन हजार. दोन लेकरं शाळेत असलेल्या बाईला त्यात काय पुरतं, ते प्रत्येकाने आपापल्या घरच्या किराण्याच्या यादीवरून ठरवावं.

या बाबतीत आम्हा वकिलांच्या हाती एक चांगलं हत्यार आलं ते नागपूरच्याच एका प्रकरणातून. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेला रजनेश विरुद्ध नेहा हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्यावर निकाल आला. पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, देणी, खर्च शपथपत्रावर उघड करावेत, असं न्यायालयाने सांगितलं. शपथपत्राचे नमुने निकालालाच जोडले आहेत, आणि त्यांतला एक खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे. जमीन किती, कोरडवाहू की ओलीत, पिकं कोणती, फळझाडं किती, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न काय, बटईने किंवा मक्त्याने वावर केलं आहे का, गाई-म्हशी-बकऱ्या किती, जमिनीवर कर्ज किती. हा नमुना मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. शेतकऱ्याच्या घरात पैसा कुठून येतो याचा विचार करून कोणीतरी हे प्रश्न काढले आहेत.

नवऱ्याचं शपथपत्र आलं की मी ते बाईपुढे ठेवते आणि एकेक ओळ वाचून दाखवते. वरुडकडची एक बाई होती, चौथीपर्यंत शिकलेली. नवऱ्याने फळझाडांपुढे 'निरंक' लिहिलं होतं. मी तिला विचारलं, "संत्र्याची झाडं आहेत का?" ती म्हणाली, "तीनशे चाळीस. त्यातली चाळीसेक डिंक्यानं गेली, तिथं नवीन लावली, ती अजून बहारावर आली नाईत." बहार कोणता धरता, असं विचारल्यावर म्हणाली, "विहिरीले उन्हाळ्यात पानी राहत नाई, म्हणून मिरगाचाच धरतात." मग कोणत्या वर्षी बगीचा कितीला गेला, व्यापारी कुठला होता, इसार किती दिला आणि बाकीचे पैसे किती हप्त्यांत आले, कोणत्या फेब्रुवारीत गारपीट झाली आणि व्यापाऱ्याने सौदा मोडून अर्ध्यावर आणला, हे ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. बकऱ्या किती, त्यांतल्या गाभण किती, कुटाराची कुडी कोणाला विकली, तेही तिला ठाऊक होतं. तीन वर्षांचा हिशेब तिच्या डोक्यात होता आणि त्यातला एक रुपयाही तिच्या हातून गेला नव्हता.

उलटतपासात तिच्या नवऱ्याने मान्य केलं की बगीच्याचा सौदा तोच करतो आणि व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर सही त्याचीच असते. बाजार समितीची पट्टी त्याच्या नावाने फाटलेली निघाली. ई-पीक पाहणी त्याच्याच मोबाईलवरून झालेली होती. सातबारा वडिलांचा असला तरी वावर कसतो कोण आणि पैसा हाताळतो कोण, हे या कागदांवरून दिसलं, आणि मजुरीच्या हिशेबाने ठरली असती त्याच्या तिपटीहून जास्त पोटगी मंजूर झाली. तेव्हापासून प्रत्येक बाईला मी सांगते की घर सोडावं लागलं तर दागिन्यांआधी कागदांचे फोटो मोबाईलमध्ये घ्या. कापसाच्या पट्ट्या, सोसायटीच्या कर्जाची पावती, पीक विम्याचा अर्ज, खताच्या दुकानाची उधारीची वही. दागिने परत मागता येतात. हे कागद एकदा चुलीत गेले की पुन्हा मिळत नाहीत.

आदेश झाला म्हणजे पैसे आले असं मात्र नाही. थकलेली पोटगी एका वर्षाच्या आत मागावी लागते. वर्ष उलटलं तर त्या महिन्यांसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदाराकडे जाऊ शकतं आणि थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. पण वसूल करायला त्याच्या नावावर काही असावं लागतं, म्हणजे आम्ही पुन्हा सातबाऱ्यापाशीच येतो. दर थकलेल्या महिन्यासाठी महिनाभरापर्यंत तुरुंगवासही होतो. तुरुंगात जाऊन आल्याने देणं फिटत नाही, हे नवऱ्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि बायकांनाही नसतं. "तो जेलात जाऊन आला, आता काय मागणार" म्हणून केस सोडून दिलेल्या बाया मला भेटल्या आहेत.

शेतीची मिळकत महिन्याच्या महिन्याला येत नाही, हेही न्यायाने मान्य करायला हवं. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघतं, कापसाचे वेचे त्यानंतर, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. मार्च ते सप्टेंबर चांगल्या शेतकऱ्याच्या खिशातही पैसा नसतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि इकडच्या बाजारात माल चार हजारांच्या आसपास जात होता; अशा वर्षी नेमाने पोटगी देणाऱ्याचीही ओढाताण होते. म्हणून तडजोड होत असेल तर मी महिन्याऐवजी हंगामाचे हप्ते मागते. सोयाबीन विकल्यावर सहा महिन्यांची पोटगी आगाऊ, तूर किंवा संत्रा विकल्यावर उरलेली. असे हप्ते पाळले जातात, कारण त्या दिवसांत माणसाकडे पैसा असतो आणि तो असल्याचं गावाला माहीत असतं.

कोर्टात न येता तुटलेल्या संसारांची गोष्ट वेगळी. स्टॅम्पपेपरवर फारकती लिहून घ्यायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. दोन पंच, दोन्हीकडचे भाऊ आणि ठरलेला मजकूर. आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त होत आहोत, यापुढे एकमेकांवर हक्क सांगणार नाही, मी खावटी मागणार नाही. खाली बाईचा अंगठा. जातीतल्या रूढीने असा घटस्फोट चालतो हे कोर्टात सिद्ध झालं तरच त्याला किंमत, एरवी या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. पोटगीचा हक्क तर अशा लिखाणाने सोडून देताच येत नाही. तसा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येही सांगितलं आहे. पण हा कागद बाईच्या मनावर बसलेला असतो. वर्षानुवर्षं ती काही मागतच नाही, कारण "मी अंगठा देल्ला हाये".

बार्शीटाकळी तालुक्यातली अशीच एक बाई माहेरी राहत होती. फारकतीला बरीच वर्षं झालेली, मुलगी कॉलेजात जाऊ लागलेली. नवऱ्याने दुसरी बाई आणली होती, तिला दोन मुलगे. नवरा हृदयविकाराने गेला. त्याच्या नावावर चार एकर. वारसाचा पंचनामा झाला त्यात दुसऱ्या बाईचं, तिच्या दोन मुलांचं आणि म्हाताऱ्या आईचं नाव लागलं. पहिल्या बायकोला हे बाजारात कोणाकडून तरी कळलं. फेरफाराच्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपायच्या आत आम्ही हरकत घेतली, प्रकरण तक्रारी नोंदीत गेलं आणि मंडळ अधिकाऱ्यांपुढे उभं राहिलं.

कायद्याचं उत्तर सरळ होतं. कोर्टातून घटस्फोट झालेला नाही, म्हणून पहिलीच कायदेशीर पत्नी, आणि आता त्याची विधवा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार विधवा, मुलं, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांचा वाटा सारखा. दुसरं लग्न अवैध, तरी त्या लग्नातली मुलं बापाच्या मिळकतीपुरती औरस मानली जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यांचा हक्क अधिक पक्का केला आहे. म्हणजे पाच वारस. चार एकरांचे एकशेसाठ गुंठे, प्रत्येकाला बत्तीस. ज्या बाईने त्या माणसाचं घर, वावर आणि म्हातारी सांभाळली, ती दुसरी बाई या पाचांत नव्हती. समोरच्या पक्षाची असूनही तिने मलाच विचारलं, "मंग मी एवढी वर्सं कोन होतो?" कायद्यात याला उत्तर नाही, आणि मला ते आजही बोचतं. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. मुलगे अज्ञान, त्यांचे चौसष्ट गुंठे त्यांच्या आईने अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ती, म्हणून कसायचे ठरलं, घर तिच्याकडे राहिलं. पहिलीने आपल्या आणि लेकीच्या नावाचे चौसष्ट गुंठे घेतले आणि मुलीचं शिक्षण होईपर्यंत मक्त्याने दिले. या तडजोडीत मोठं मन पहिल्या बायकोने दाखवलं. तिने घरातला हिस्सा मागितला असता तर तो तिला मिळाला असता.

आता नवरा गेल्यावरचं. आमच्याकडे तेरवीच्या दिवशी सगळे सोयरे जमलेले असतात, आणि कागदही त्याच दिवशी पुढे येतात. जेठ म्हणतो, सही कर, सोसायटीचं काम आहे. तिच्या डोक्यावरून पदर खाली आलेला असतो, लेकरू मांडीवर असतं. अशा वेळी घेतलेल्या सह्यांतून पुढे संमतीपत्रं आणि हक्कसोडपत्रं तयार होतात. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असल्याशिवाय जमिनीवरचा हक्क जात नाही, पण तिला हे कळेपर्यंत फेरफार होऊन गेलेला असतो. सातबाऱ्यावर भावाचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागतं आणि विधवेचं, मुलींचं नाव भोगवटादाराच्या रकान्याऐवजी 'इतर अधिकार' या रकान्यात टाकलं जातं. मग पीककर्ज निघतं मॅनेजरच्या नावाने, विम्याचे पैसे येतात त्याच्या खात्यात, आणि बाईला दरवर्षी दोन पोती गहू मिळतात. इतर अधिकारात नाव गेलं म्हणून हक्क संपत नाही. भोगवटादार म्हणून दुरुस्ती मागता येते, तहसीलदाराकडे किंवा दिवाणी न्यायालयात वाटणी मागता येते. त्याला वर्षं लागतात, एवढंच.

शेतकरी आत्महत्यांच्या घरांत हे सगळं एकदमच अंगावर येतं. अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात २००१ पासून या मृत्यूंची नोंद ठेवली जाते. मृताच्या कुटुंबाला शासन एक लाख रुपये देतं. त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत, हा २००६ पासूनचा शिरस्ता. रक्कम आजही तेवढीच आहे. जिल्हास्तरीय समिती प्रकरण पात्र की अपात्र ठरवते. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. ज्याने बिगरपरवाना सावकाराकडून घेतलं त्याचं कर्ज मोजलंच जात नाही, आणि नेमका तोच सावकार तेरवीनंतर दारात उभा राहतो. मी बायकांना हात जोडून सांगते की, त्याच्या नव्या चिठ्ठीवर सही करू नका. नवऱ्याचं कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या मिळकतीपुरतंच वसूल होतं. तुम्ही स्वतःच्या नावाने नवी चिठ्ठी लिहून दिली की ते तुमचं कर्ज झालं.

महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अशा ५०५ विधवांची पाहणी केली होती. त्या कसत असलेल्या जमिनीवरचा हक्क चाळीस टक्के स्त्रियांना मिळाला नव्हता, आणि घरावरचा हक्क फक्त पस्तीस टक्के स्त्रियांना मिळाला होता. मला हे आकडे वाचून नवल वाटलं नाही, मी हेच रोज पाहते. त्याच वर्षी नोव्हेंबरात या स्त्रिया मुंबईला आझाद मैदानावर जाऊन बसल्या आणि पुढच्या जूनमध्ये शासनाने त्यांच्या जमिनीच्या नोंदी, पेन्शन, मुलांचं शिक्षण यांसाठी आदेश काढला. गावपातळीवर तो किती पोचला हे तलाठ्यागणिक बदलतं. मार्च २०२५ मध्ये आमच्याच विभागातल्या बुलढाणा जिल्ह्यात सुरू होऊन १ एप्रिलपासून राज्यभर गेलेली 'जिवंत सातबारा' मोहीम मला जास्त कामाची वाटते, कारण त्यात मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी घ्यायला यंत्रणा स्वतः गावात जाते. फक्त त्या वेळी बाईने हजर राहून आपलं आणि मुलींचं नाव कोणत्या रकान्यात जातंय हे पाहिलं पाहिजे.

पासबुकं मी स्वतः पानापानाने तपासते. तेल्हाऱ्याकडच्या एका बाईने नवऱ्याचं पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. त्यात मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापल्याची ओळ होती. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची. कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख मिळतात. घरात कोणालाच हे माहीत नव्हतं. वीस रुपये कापल्याची ओळ असेल तर तो अपघाताचा विमा. दोन लाखांचा दावा मंजूर झाला, पण नॉमिनी निघाली सासू, कारण खातं लग्नाआधी उघडलेलं. दीर म्हातारीला घेऊन गावी निघायच्या तयारीत होता. ती म्हातारीच माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "माया पोराचे पैसे हायेत, त्याच्या लेकराईले पायजेत." अर्धे तिने नातवंडांच्या नावे ठेवीत टाकले, उरलेल्यांत दोघींनी मिळून दोन म्हशी घेतल्या.

सासू-सुनांना मी सहसा एकत्रच बोलावते. मुलाच्या मिळकतीत आईला विधवेएवढाच वाटा आहे, बापाला पहिल्या वर्गात वाटा नाही, हे गावात फार थोड्यांना माहीत असतं. सासूही बहुतेकदा विधवा, तिचंही नाव कधी सातबाऱ्यावर लागलेलं नसतं. दोघी एका बाजूला बसल्या की दिराचं काही चालत नाही. जमीन सासऱ्याच्या नावे असेल आणि वडिलोपार्जित असेल, तर मृत मुलाचा वाटा त्याच्या विधवेकडे येतो. तो मिळालेला नसेल तर हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम १९ खाली त्या जमिनीच्या उत्पन्नातून सुनेला सासऱ्याकडे पोटगी मागता येते, तिने पुन्हा लग्न करेपर्यंत. सासरचं घर सासऱ्याच्या नावे असलं तरी तिला उठवून बाहेर काढता येत नाही. २०२२ मध्ये एका विधवेच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितलं.

आणखी एक भीती मी फार ऐकते. पंचविशीतली विधवा, माहेरचे पाट लावायला तयार, पण सासरचे म्हणतात की पाट लागला की वावरावरचा हक्क गेला. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्यात तसं होतं खरं. तो कायदा १९८३ मध्ये रद्दही झाला. १९५६ पासून नवरा वारला त्या क्षणी तिचा वाटा तिचा होतो आणि नंतरच्या लग्नाने तो जात नाही. निराधार पेन्शन, सासऱ्याकडची पोटगी थांबते, जमीन थांबत नाही. या भीतीपोटी किती पोरींनी अख्खं आयुष्य दिराच्या घरात भाकऱ्या थापत काढलं असेल, याचा विचार आला की मला राग येतो.

अचलपूर, बाळापूर, अकोल्यातल्या मुस्लिम भगिनींनाही पोटगीचं हे कलम लागू आहे. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर जो गोंधळ झाला, तो १० जुलै २०२४ च्या निकालाने घटस्फोटितांपुरता मिटला आहे. मेळघाटात कोरकू कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होत नाही, तिथे वारसा रूढीने ठरतो. आदिवासी स्त्रीला केवळ स्त्री म्हणून वारसा नाकारता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं, पण धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत ते अजून पोचवायचं आहे.

हे सगळं करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. नवरा असताना सातबाऱ्यावर लागलेलं नाव नवरा गेल्यावर किंवा नवऱ्याने टाकल्यावर मिळवलेल्या कोणत्याही आदेशापेक्षा भारी ठरतं. हे काही मी नव्याने सांगत नाही. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला स्त्रियांचं अधिवेशन घेतलं आणि त्यातून पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करून देणाऱ्या शेतकऱ्यांची गावंच्या गावं उभी राहिली. १९९२ मध्ये शासनानेही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. ज्या घरांनी तेव्हा ते केलं, त्या घरांतल्या बाया आज माझ्याकडे फक्त वाटणीची नोंद कशी करायची हे विचारायला येतात.

म्हणून ज्यांच्या घरी वावर आहे अशा प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे. पंधरा रुपये भरून आपला डिजिटल सातबारा काढा आणि भोगवटादाराचा रकाना वाचा. त्यात घरातल्या बाईचं नाव नसेल तर या हंगामात ते लावायची व्यवस्था करा. स्वकष्टाची किंवा वाटणीत आलेली शेतजमीन पत्नीला किंवा मुलीला बक्षीसपत्राने द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे. मुलगा गेलेला असेल आणि सून घरात असेल तर सासऱ्यालाही तिच्या नावे याच दोनशे रुपयांत जमीन करून देता येते. नोंदणीचा खर्च वेगळा. घरात मृत्यू झाला असेल तर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज करा, तो ई-हक्कवरून ऑनलाईनही होतो. तेरवीपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका, करू देऊ नका. आणि हे सगळं एकटीने जमणार नाही असं वाटलं तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही आणि वकिलाची फी लागत नाही.